विरळणीचे पीक : मायनर लीग बेसबॉलपटूची कारकीर्द

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा जगाला दिसणारा चेहरा म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेत खेळणारे ३० संघ. पण या प्रत्येक संघाच्या चालू यादीत हंगामाच्या बहुतांश काळात केवळ २६ खेळाडू असतात, म्हणजे या खेळाच्या माथ्यावर एका वेळी ७८० माणसांनाच जागा असते. त्यांच्या खाली, त्याच ३० संघांशी करारबद्ध असलेला आणि त्या ७८० जागांकडे डोळे लावून बसलेला खेळाडूंचा मोठा समुदाय मायनर लीग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कनिष्ठ स्पर्धांत खेळत असतो. आजच्या नियमानुसार प्रत्येक संघाला अमेरिकेत असे १६५ खेळाडू बाळगता येतात, त्यामुळे हा समुदाय सुमारे पाच हजारांच्या घरात जातो. यांपैकी बहुतेकांना मेजर लीगचा एकही सामना खेळायला मिळत नाही. त्यांच्या कारकिर्दीला अपयशी मेजर लीग कारकीर्द म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे, कारण मायनर लीगचा खेळाडू असणे हा कायदा, व्यापार आणि खेळ या तिघांनी मिळून घडवलेला एक स्वतंत्र पेशा आहे.

भारतीय वाचकाला ही रचना समजून घेताना रणजी करंडकाची आठवण येणे साहजिक आहे. तथापि दोहोंत मूलभूत अंतर आहे. रणजी संघ आपल्या राज्य संघटनेचा असतो, तो जिंकण्यासाठीच खेळतो, आणि पद्माकर शिवलकर किंवा अमोल मुझुमदार यांच्यासारखा खेळाडू भारताकडून एकही कसोटी न खेळता मुंबईच्या क्रिकेटमध्ये मानाचे स्थान मिळवू शकतो. मायनर लीगच्या संघाचे मैदान, तिकीटविक्री, खाद्यपदार्थांच्या टपऱ्या आणि शोभेची आतषबाजी स्थानिक मालकाच्या ताब्यात असते. खेळाडू, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक मात्र मेजर लीगमधील मूळ संघाने नेमलेले आणि त्याच्याच पगारावर असतात. कोणता गोलंदाज किती चेंडू टाकणार, कोणता खेळाडू कोणत्या जागी उभा राहणार आणि कोणाला मध्येच उचलून दुसऱ्या गावी पाठवणार, हे सारे मूळ संघ ठरवतो. त्यामुळे सामना हातात असतानाही, तरुण गोलंदाजाच्या चेंडूंची ठरवून दिलेली मर्यादा संपली म्हणून त्याला बाहेर बोलावले जाते, आणि पुढच्या डावात सामना हरला तरी व्यवस्थापकाला कोणी जाब विचारत नाही.

ही व्यवस्था आरंभापासून अशी नव्हती. छोट्या शहरांतील लीगांनी १९०१ मध्ये शिकागो येथे एकत्र येऊन आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली, तेव्हा त्यांतील संघ स्वतंत्र होते. ते आपले खेळाडू आपण शोधत, घडवत आणि चांगली किंमत आली की मेजर लीगला विकत. सेंट लुईस कार्डिनल्स या तुलनेने गरीब संघाचे कारभारी ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात या व्यवहाराची दिशा उलटी फिरवली. तयार खेळाडू श्रीमंत संघांइतक्या किमतीला विकत घेणे परवडत नसेल, तर लहान संघच ताब्यात घ्यावेत, त्यांत शेकडो मुले स्वस्तात भरती करावीत आणि त्यांतून वर येतील तेवढी ठेवावीत, असा त्यांचा हिशेब होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कार्डिनल्सच्या अंकित असलेल्या संघांची संख्या तिसाच्या वर गेली होती. या पद्धतीला ‘फार्म सिस्टिम’, म्हणजे शेतीची पद्धत, असे नाव पडले. मराठी शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे काम विरळणीचे आहे : ओळीत बी दाट पेरायचे, रोपे उगवून आली की जोमदार तेवढी राखायची आणि बाकीची उपटून टाकायची. फरक इतकाच, की या शेतात उपटली जाणारी रोपे विशी-पंचविशीतली माणसे असतात.

तत्कालीन बेसबॉल आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांना हा कारभार मान्य नव्हता आणि १९३८ मध्ये त्यांनी कार्डिनल्सच्या ७० हून अधिक मायनर खेळाडूंना करारातून मुक्त केले. परंतु पद्धत टिकली आणि इतर संघांनीही ती उचलली. (याच रिकी यांनी पुढे ब्रुकलिन डॉजर्सचे कारभारी म्हणून जॅकी रॉबिन्सन यांना करारबद्ध करून मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत पाडली, आणि तेव्हाही रॉबिन्सन यांना १९४६ चा हंगाम आधी माँट्रियलच्या मायनर संघातच काढावा लागला.) दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावच्या बेसबॉलला भरती आली, १९४९ मध्ये ५९ लीग चालू होत्या आणि वर्षभरात सुमारे चार कोटी प्रेक्षक मैदानांवर आले. त्यानंतर घरोघरी दूरचित्रवाणी आली, मोठ्या संघांचे सामने दिवाणखान्यात दिसू लागले, आणि दीड दशकात बहुतेक लीग बंद पडल्या. उरल्यासुरल्या संघांची १९६३ च्या सुमारास नव्याने प्रतवारी लावण्यात आली आणि खेळाडूंचा खर्च मूळ संघांनी उचलण्याची रीत पक्की झाली. संघ वाचले, पण त्यांचे स्वातंत्र्य गेले.

खेळाडूचे स्वातंत्र्य तर त्याच्या कितीतरी आधीच गेलेले होते. बेसबॉलच्या करारांत ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचे एक कलम असे, ज्यानुसार करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क त्याच संघाकडे राखीव राही. इतर कोणत्याही धंद्यात मक्तेदारीविरोधी कायद्यापुढे असे कलम टिकणे अवघड होते. पण १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापारच नाही असा निर्णय दिला आणि हा खेळ त्या कायद्याच्या कक्षेबाहेर गेला. या निर्णयाला आव्हान देणारे जॉर्ज टूलसन हे मायनर लीगचेच खेळाडू होते. न्यूयॉर्क यांकीज संघाने त्यांना खालच्या दर्जाच्या संघात जाण्यास सांगितले, त्यांनी नकार दिला, आणि १९५३ मध्ये न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल देत जुनीच सूट कायम ठेवली. मेजर लीगच्या खेळाडूंनी पुढे संघटनेच्या बळावर १९७५ मध्ये लवादाकडून त्या कलमाची पकड सैल करून घेतली आणि १९९८ च्या एका कायद्याने त्यांना मक्तेदारीविरोधी संरक्षणही दिले, परंतु त्या कायद्यातून मायनर लीगला स्पष्ट शब्दांत वगळण्यात आले. परिणामी एकाच मालकाच्या दोन नोकरांपैकी एक कोट्यवधी डॉलरच्या वाटाघाटी करू लागला आणि दुसरा सात हंगाम त्याच दावणीला बांधलेला राहिला.

या पेशात प्रवेश होतो तो वार्षिक निवडीच्या मार्गाने. १९६५ पासून चालू असलेल्या या ‘ड्राफ्ट’ पद्धतीत शालेय शिक्षण संपवलेले आणि महाविद्यालयात खेळणारे तरुण संघ आळीपाळीने निवडतात, आणि ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याशीच वाटाघाटी करण्याची मुभा खेळाडूला असते. करारावर सही करताना मिळणारी एकरकमी रक्कम, जिला ‘साइनिंग बोनस’ म्हणतात, ही पुढच्या साऱ्या आयुष्याचे भाकीत सांगून जाते. पहिल्या फेरीतल्या मुलाला लाखो डॉलर मिळतात आणि म्हणून त्याच्या चुका वर्षानुवर्षे पोटात घातल्या जातात. शेवटच्या फेऱ्यांतल्या मुलाला काही हजार मिळतात आणि त्याचा एक वाईट हंगाम त्याला घरी पाठवायला पुरेसा ठरतो. डॉमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला या देशांतील मुले ड्राफ्टच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना सोळाव्या वर्षापासून थेट करारबद्ध करता येते, आणि त्यासाठी मेजर लीगच्या संघांनी डॉमिनिकन भूमीवर निवासी अकादम्या उभारल्या आहेत. त्यांतून निवडला गेलेला मुलगा अमेरिकेत येतो तेव्हा चेंडूच्या वेगाइतकेच अवघड ठरते ते हॉटेलात जेवण मागवण्यापुरते इंग्रजी.

निवडला गेलेला खेळाडू प्रथम ॲरिझोना किंवा फ्लोरिडातील सराव-संकुलात जातो, जिथे सामने होतात पण प्रेक्षक जवळपास नसतात. त्यानंतर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा चार पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक मूळ संघाचा प्रत्येक पायरीवर एक, याप्रमाणे १२० संलग्न संघ. महाविद्यालयात धातूची बॅट हाती धरलेल्या फलंदाजाला येथे लाकडी बॅटने खेळावे लागते, आणि चेंडू बॅटच्या नेमक्या भागावर बसला नाही तर धातूच्या बॅटने जो फटका निघाला असता तो लाकडी बॅटने निघत नाही, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळते. खरी गाळणी डबल-ए या पायरीवर असल्याचे जाणकार मानतात. केवळ वेगवान चेंडू मारून तिथवर पोहोचलेल्या फलंदाजाला प्रथमच असे गोलंदाज भेटतात, की जे वळणारा चेंडू हव्या त्या जागी आणि हव्या त्या वेळी टाकू शकतात.

एप्रिल ते सप्टेंबर या काळात १३० ते १५० सामने, आठवड्याला एक सुटी आणि बहुतेक प्रवास बसने, असा या जीवनाचा क्रम असतो. रात्री उशिरा सामना संपवून बसमध्ये बसायचे आणि पहाटे दुसऱ्या गावी उतरायचे, याला मायनर लीगमध्ये कोणी हालअपेष्टा म्हणत नाही. पण या बसच्या इतिहासात २४ जून १९४६ ही तारीख आहे : त्या दिवशी स्पोकेन इंडियन्स संघाची बस वॉशिंग्टन राज्यातील स्नोक्वाल्मी खिंडीत कोसळली आणि नऊ खेळाडू दगावले. जॅक लोर्के हा तरुण खेळाडू जेवणासाठी झालेल्या थांब्यापर्यंत त्या बसमध्ये होता. वरच्या दर्जाच्या सॅन डिएगो संघाने त्याला बोलावल्याचा निरोप तिथे मिळाला आणि तो उतरून मागे फिरला. लोर्के पुढे मेजर लीगमध्ये खेळले आणि आयुष्यभर ‘लकी’ या टोपणनावाने ओळखले गेले. मायनर लीगमध्ये बढतीचा निरोप असाच येतो, जेवताना, झोपेत, कधी सामना चालू असताना. आणि सामान बांधायला काही तासच मिळतात.

या बढतीमागे कागदी नियमांचे एक दाट जाळे आहे. मेजर लीगच्या प्रत्येक संघाची ४० नावांची एक विस्तारित यादी असते, आणि त्या यादीत आल्याशिवाय मेजर लीगचा सामना खेळता येत नाही. म्हणजे नव्या माणसाला वर आणायचे तर अनेकदा आधी कोणाचे तरी नाव काढावे लागते. यादीत असलेल्या खेळाडूला साधारणपणे तीन हंगामांपर्यंत हवे तेव्हा खाली-वर पाठवण्याचा जो अधिकार संघाला असतो त्याला ‘ऑप्शन’ म्हणतात, आणि शब्दाचा अर्थ ‘पर्याय’ असला तरी तो पर्याय खेळाडूचा नसतो. उलट, एखादा चांगला खेळाडू यादीबाहेर वर्षानुवर्षे कुजत पडू नये म्हणून ‘रूल फाइव्ह’ नावाची तरतूद आहे; तिच्या आधारे दुसरा संघ त्याला उचलू शकतो, मात्र मग पुढचा पूर्ण हंगाम त्याला मेजर लीगच्या यादीत ठेवावे लागते.

या जाळ्याच्या आत खेळाडूंचे दोन वर्ग पडतात, आणि त्यांविषयी उघडपणे फारसे बोलले जात नसले तरी ड्रेसिंग रूममध्ये कोण कुठल्या वर्गातला हे सर्वांना ठाऊक असते. एक वर्ग ‘प्रॉस्पेक्ट’, म्हणजे ज्यांच्यावर संघाची भिस्त आहे असे मोजके तरुण; आणि दुसरा बाकीच्यांचा, ज्यांची खरी गरज एवढीच की नऊ जण असल्याशिवाय सामना उभा राहत नाही आणि सामना उभा राहिला नाही तर त्या मोजक्यांना शिकता येत नाही. १८ एप्रिल १९८१ रोजी पॉटकेट आणि रोचेस्टर यांच्यात सुरू झालेला ट्रिपल-ए सामना हा या सहजीवनाचा उत्तम नमुना मानता येईल. तो दुसऱ्या दिवशी पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ डावांनंतर, १९ प्रेक्षकांच्या साक्षीने बरोबरीत थांबवण्यात आला आणि २३ जूनला ३३ व्या डावात संपला. व्यावसायिक बेसबॉलमधील तो सर्वांत लांबलेला सामना आहे. दोन्ही बाजूंकडून एकेक भावी महान खेळाडू मैदानात होता, पॉटकेटकडून वेड बॉग्ज आणि रोचेस्टरकडून कॅल रिपकेन. विजयी फटका मारला तो डेव्ह कोझा यांनी, ज्यांना मेजर लीगचा एकही सामना कधी खेळता आला नाही.

या दोन वर्गांच्या मधली अवस्था माइक हेसमन यांच्या कारकिर्दीत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाच्या दिसेल. कॅलिफोर्नियातील या उंचापुऱ्या मुलाला १९९६ मध्ये अटलांटा ब्रेव्हज संघाने ड्राफ्टच्या पंधराव्या फेरीत निवडले. चेंडू बॅटवर बसला तर तो कुंपणापार जाणार, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखा ‘होम रन’ होणार, हे त्यांचे बळ होते. आणि चेंडू बॅटवर बसण्याचे प्रमाणच कमी, हे त्यांचे दुखणे. पायऱ्या चढत सात वर्षांनी, ऑगस्ट २००३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते मेजर लीगमध्ये पोहोचले. त्यानंतर ब्रेव्हज, डेट्रॉइट टायगर्स आणि न्यूयॉर्क मेट्स या तीन संघांकडून, पाच निरनिराळ्या हंगामांत तुकड्यातुकड्यांनी मिळून १०९ सामने त्यांच्या वाट्याला आले, आणि त्यांत २२३ संधींमध्ये ४२ यशस्वी फटके, म्हणजे .१८८ ची सरासरी, व १४ होम रन एवढी जमा झाली. बेसबॉलमध्ये .२०० च्या खालची सरासरी नामुष्कीची समजली जाते. पण ४२ फटक्यांतले १४ कुंपणापार गेले, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे, आणि त्यावरून टायगर्सच्या ओहायोतील टोलेडो येथील ट्रिपल-ए संघात त्यांना इतकी वर्षे का ठेवून घेतले गेले हे समजते.

टोलेडोत ते शहराचे लाडके होते. २००७ मध्ये टोलेडो ज्या ट्रिपल-ए स्पर्धेत खेळे त्या इंटरनॅशनल लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून कांस्यपदक मिळवून आले, २०११ मध्ये जपानमधील ओरिक्स संघाकडून खेळून पाहिले आणि पुन्हा ट्रिपल-एमध्ये परतले. ट्रिपल-एसाठी फार चांगला आणि मेजर लीगसाठी किंचित कमी, अशा खेळाडूला या धंद्यात गमतीने ‘क्वाड्रुपल-ए’, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या पाचव्या पायरीवरचा, असे म्हणतात. ऑगस्ट २०१५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, टोलेडोच्याच मैदानावर हेसमन यांनी मायनर लीगमधील ४३३ वा होम रन मारला आणि अमेरिकेतील मायनर लीगचा विक्रम आपल्या नावावर केला. त्याआधीचा ४३२ चा विक्रम बझ आर्लेट यांचा होता, १९१८ ते १९३७ या काळातला.

या दोघांची तुलना केवळ आकड्यांची नाही. आर्लेट बहुतांश पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये, ओकलंडकडून खेळले, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर मेजर लीगचा एकही संघ नव्हता, हवामान उबदार असल्याने हंगाम लांबलचक असे, पगार चांगले होते आणि ओकलंडच्या प्रेक्षकांसाठी ओकलंडचा संघ हाच सर्वोच्च होता. १९३१ मध्ये ते एक हंगाम फिलाडेल्फियाकडून मेजर लीगमध्ये खेळले, .३१३ ची उत्तम सरासरी राखली आणि तरीही पुन्हा मायनर लीगमध्ये गेले. त्यांना मायनर लीगमध्ये राहण्यात कमीपणा वाटावा अशी परिस्थिती नव्हती. हेसमन यांच्या काळी ती पुरती पालटली होती. त्यांचा विक्रम ज्या यादीत सर्वांत वर आहे, त्या यादीत आपले नाव फार वर असावे अशी कोणाचीच इच्छा नसते.

विरळणी किती लवकर होते हे भारताशी संबंधित एका उदाहरणावरून कळते. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या दूरचित्रवाणी स्पर्धेसाठी भारतभर वेगवान चेंडू फेकू शकणाऱ्या तरुणांचा शोध घेण्यात आला आणि उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह व दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्या वर्षअखेरीस करारबद्ध केले. त्यांनी तोवर बेसबॉल कधी हातात धरला नव्हता. पटेल यांना २०१० च्या अखेरीस मुक्त करण्यात आले. रिंकू सिंह यांनी २००९ मध्ये फ्लोरिडातील सर्वांत खालच्या लीगमध्ये आपल्या नावावर विजय जमा करणारा पहिला भारतीय गोलंदाज होण्याचा मान मिळवला आणि ते सिंगल-एपर्यंत चढले. पुढे कोपराच्या दुखापतीने त्यांना मैदानाबाहेर बसवले, आणि अखेर ते व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात उतरले. भालाफेकपटूला शून्यापासून शिकवून सिंगल-एच्या पायरीवर नेणे ही लहान गोष्ट नव्हती, मात्र या विषयावर २०१४ मध्ये निघालेला चित्रपट करारावरच थांबतो, आणि मायनर लीगची खरी कहाणी तर करारानंतर सुरू होते.

या साऱ्या श्रमांचा मोबदला मात्र दीर्घकाळ लाजिरवाणा होता. २०२० पर्यंत सिंगल-एमध्ये आठवड्याला किमान २९० डॉलर आणि ट्रिपल-एमध्ये ५०२ डॉलर मिळत, तेही फक्त हंगाम चालू असेपर्यंत. सराव शिबिराचे आठवडे बिनपगारी जात, एका खोलीत चार-पाच जण गाद्या टाकून राहत, कोणाला गावातले एखादे कुटुंब आसरा देई, आणि हिवाळ्यात मिळेल ते काम करावे लागे. ॲरन सेन यांच्यासह काही माजी खेळाडूंनी २०१४ मध्ये किमान वेतनासाठी दावा दाखल केला. त्यांचे वकील गॅरेट ब्रोशुइस हे स्वतः मायनर लीगमध्ये गोलंदाजी करून नंतर कायदा शिकलेले होते. दावा प्रलंबित असतानाच, २०१८ मध्ये, दोन हजारांहून अधिक पानांच्या अर्थसंकल्पीय विधेयकात ‘अमेरिकेचा आवडता खेळ वाचवा’ अशा अर्थाच्या नावाचे एक कलम घालून मायनर खेळाडूंना किमान वेतन आणि जादा कामाच्या मोबदल्याच्या कायद्यांतून वगळण्यात आले; खेळ कोणापासून वाचवायचा होता, हे त्या नावात सांगितलेले नाही. तरीही २०२२ मध्ये मेजर लीगने १८.५ कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवला. त्याच वर्षी घरांची सोय करणे संघांना बंधनकारक झाले, सप्टेंबरमध्ये मायनर खेळाडू मेजर लीगच्या कामगार संघटनेत सामील झाले, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. त्यानुसार ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर आणि सिंगल-एचा ११,००० वरून २६,२०० डॉलरवर गेला. एकोणिसाव्या वर्षी किंवा त्यानंतर करार करणाऱ्यांची सात हंगामांची बांधिलकीही सहावर आली. डॉमिनिकन अकादम्यांतील मुले या कराराबाहेरच राहिली. शेजारची तुलना करायची तर त्या वर्षी मेजर लीगमधील किमान पगार ७,२०,००० डॉलर होता, म्हणजे ट्रिपल-एच्या वीसपट.

या सुधारणांची किंमत जागांच्या रूपाने मोजली गेली आहे. २०२१ मध्ये मेजर लीगने सारा कारभार स्वतःकडे घेताना ४० हून अधिक गावांच्या संघांची संलग्नता काढून घेतली, ड्राफ्टच्या ४० फेऱ्यांच्या २० झाल्या, आणि नव्या करारात अमेरिकेतील खेळाडूंची मर्यादा १८० वरून १६५ वर आली. म्हणजे पेरणीच पातळ करण्यात आली. जो आत येतो त्याला आता पोटभर मिळते, पण उशिरा फुटणाऱ्या रोपाला वाट पाहायला जागा उरलेली नाही. १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत, जवळजवळ भिडेखातर निवडले गेलेले माइक पियाझा पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले, ती फेरीच आज अस्तित्वात नाही. तिशी ओलांडलेला, वर जाण्याची शक्यता मावळलेला, पण तरुणांना सोबत म्हणून ठेवून घेतला जाणारा खेळाडू हाही १६५ च्या यादीत आधी काट मारण्याजोगा ठरतो. हेसमन निवृत्तीनंतर टायगर्सच्याच मायनर संघांत फलंदाजीचे प्रशिक्षक झाले. ते पंधराव्या फेरीतले, तेव्हा आजच्या वीस फेऱ्यांतही त्यांचे नाव पुकारले गेले असते, परंतु .१८८ ची सरासरी घेऊन मेजर लीगमधून परतलेल्या फलंदाजाला ४३३ होम रनपर्यंत पोहोचण्याइतके हंगाम आज कोणी दिले असते, असे दिसत नाही.